हिवाळ्यातली नदी, उद्यान आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

थंडीच्या दिवसांत उद्यानातून किंवा अभयारण्यातून फिरताना काढलेली नदीची छायाचित्रे आणि त्यांबद्दलच्या अडचणी पाठवाव्यात, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांची तक्रार एकच आहे : काठावर उभे असताना जी नदी पाहून पाय थबकले, ती घरी येऊन छायाचित्रात पाहिली तर ओळखू येत नाही. त्यातली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या दोन पत्रांची उत्तरे लांबली आहेत. उरलेल्या पत्रांतील बऱ्याच शंकांचे मूळ त्यांतच असल्यामुळे ती लांबू दिली.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून बोरिवलीला राहते. आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फिरायला जाते आणि वाटेतल्या पुलावरून दहिसर नदीचे फोटो मोबाइलवर काढते. पावसाळ्यात काढलेले फोटो बरे येतात. पण डिसेंबर-जानेवारीत, नदी खरे तर अधिक शांत आणि सुंदर दिसत असताना, फोटोतले पाणी पांढुरके आणि बेरंग येते. मोबाइल बदलावा काय?

उत्तर : मोबाइल बदलू नका, उभे राहण्याची जागा बदला. आपल्या पत्रातला पावसाळ्याचा उल्लेख महत्त्वाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. दहिसर नदी तुळशी तलावापासून निघते. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरून वाहू लागला आणि डोंगरातले ओहोळ येऊन मिळाले, की नदी स्वतःच छायाचित्राचा विषय होते. तिचा वेग, फेस आणि गढूळ रंग एवढ्यावरच चौकट भरते. हिवाळ्यात हे सारे ओसरलेले असते. आपल्याकडच्या नद्या पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या आहेत, त्यांना वरून वितळून येणारे बर्फ नाही. त्यामुळे डिसेंबरपर्यंत ही छोटी नदी काळ्या कातळातून झिरपणारी बारीक धार आणि मधूनमधून साचलेले डोह एवढीच उरते. गाळ तळाशी बसलेला असतो, पाणी निवळलेले असते आणि पृष्ठभाग आरशासारखा स्थिर असतो. आरशाला स्वतःचा रंग नसतो. त्याच्यासमोर जे असेल, ते त्यात दिसते. म्हणजे हिवाळ्यात आपण पाण्याचे छायाचित्र काढतच नसतो. पाण्यावर पडलेल्या उजेडाचे काढत असतो. एवढे ध्यानात आले, की पुढची चूक सापडायला वेळ लागत नाही.

आपण पुलावर उभ्या असता, म्हणजे पाण्यापासून बऱ्याच उंचीवर असता. पाण्यावरच्या ज्या बिंदूकडे आपली नजर जितक्या तीव्र कोनात उतरते, तितक्याच कोनात ती तेथून पलीकडे वर उसळते. उंचावरून पाहिले तर ती उसळून पलीकडच्या झाडांच्या शेंड्यांवरून थेट आकाशात जाते. मुंबईच्या हिवाळ्यात सकाळचे आकाश निळे क्वचितच असते. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्या झाकणाखाली धूर आणि धूळ कोंडून राहते. हे दुधाळ आकाश आपल्या डोहात उतरते आणि आपल्याला वाटते, की मोबाइलने पाणी पांढुरके केले. मोबाइलने जे होते ते दाखवले आहे. आपल्या डोळ्यांनी मात्र मनातल्या मनात त्यातले आकाश वगळले होते.

उपाय सोपा आहे. कॅमेरा जितका पाण्याच्या पातळीजवळ येईल, तितका कोन उथळ होतो आणि आकाशाच्या जागी पलीकडच्या काठावरची झाडे डोहात येतात. शिवाय कोन उथळ झाला, की प्रतिबिंब ठळकही होते. सरळ खाली पाहिले तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवते, म्हणून पुलाच्या अगदी खाली आपल्याला तळाचे दगड दिसतात. पृष्ठभागाला जवळजवळ समांतर पाहिले तर बहुतेक सगळा उजेड परत येतो. तेव्हा जेथे रस्ता पाण्याच्या जवळून जातो, अशी एखादी जागा निवडावी आणि तेथे गुडघे साथ देत असतील तर बसावे. बसवत नसेल तर मोबाइल उलटा धरावा, म्हणजे त्याची लेन्स खालच्या बाजूला येते आणि हात लांब करून तो कमरेखाली नेता येतो. मात्र या हौसेपायी पायवाट सोडून नदीच्या पात्रात उतरू नये. उद्यानात बिबटे आहेत, हे आपल्याला मी सांगायला नको. पहाटेच्या वेळी झुडपांशेजारी खाली बसलेला माणूस हा उभ्या माणसापेक्षा फार लहान दिसतो.

आता वेळेबद्दल. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, तोही नेमका पूर्वेला नव्हे तर सुमारे २५ अंश आग्नेयेकडे सरकून. उद्यानाचे डोंगर बोरिवलीच्या बाजूने पाहता पूर्वेला आहेत, त्यामुळे नदीच्या तळापर्यंत ऊन पोचायला आणखी वेळ लागतो; त्याआधी ते पश्चिमेच्या काठावरच्या झाडांच्या शेंड्यांना लागते. पाणी सावलीत आणि पलीकडची झाडे उन्हात, अशी जी थोडी मिनिटे मिळतात, त्यांची वाट पाहावी. सूर्याकडे पाठ करून, डोहाच्या पलीकडे उजळलेल्या पानांकडे तोंड करून उभे राहावे. सावलीतल्या काळपट पाण्यात ती पाने पिवळी, तांबूस, कधी नुसती सोन्याची चिळकांडी अशी उतरतात. हेच पाणी तासाभराने उन्हात आले, की त्यातला रंग उडतो. जानेवारीच्या शेवटी काटेसावर आणि पांगारा फुलू लागतात, नंतर पळस येतो. डोहावर झुकलेले असे एक झाड आजच हेरून ठेवावे आणि महिनाभर त्याच जागी जात राहावे. रोज नवी जागा शोधणाऱ्यापेक्षा एकाच डोहाकडे वीस वेळा जाणाऱ्याला चांगले छायाचित्र मिळण्याची शक्यता अधिक असते, असा माझा अनुभव आहे.

मोबाइलबाबत तीनच गोष्टी सांगतो. प्रतिबिंबातल्या उजळ भागावर बोट दाबून धरले, की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि एक्स्पोजर (छायाचित्रात किती उजेड घ्यायचा ते) तेथेच थांबतात. मग शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे, म्हणजे पाणी काळोखात जाते आणि रंग वर येतात. दुसरे, सर्वांत रुंद लेन्स टाळावी, कारण तिच्यात आकाश हटकून येते. दुपटीचा झूम वापरून आकाश पूर्णपणे बाहेर ठेवून पाहावे. तिसरी गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण मला आलेल्या पांढुरक्या छायाचित्रांपैकी पुष्कळशांचे कारण तेच असते : लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतो. फोटो काढण्याआधी ती पुसावी. सुती पदर चालेल, नायलॉनचा चालणार नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त टोरांटोमध्ये राहतो. घराजवळ हंबर नदीच्या काठाने उद्यानांची लांबच लांब रांग आहे आणि शनिवार-रविवारी मी तेथे कॅमेरा घेऊन चालायला जातो. सुट्या लेन्सचा साधा मिररलेस कॅमेरा आहे. जानेवारीतल्या माझ्या छायाचित्रांत बर्फ एक तर राखाडी येतो किंवा निळा. बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. घरी आल्यावर कॅमेऱ्याला घाम फुटतो. शिवाय नदी गोठली असताना तिच्या मध्यावर उभे राहून दोन्ही काठ एका चौकटीत घ्यावेत, असे मनात आहे. मार्गदर्शन करावे.

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नदीवर उतरू नका. तळ्यावरच्या घट्ट, पारदर्शक बर्फाची जाडी निदान १० सेंटिमीटर असल्याशिवाय त्यावर चालू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण तो साचलेल्या पाण्यासाठी आहे. नदीच्या बर्फाखाली प्रवाह चालूच असतो, तो बर्फाला खालून कुरतडत असतो आणि काठाशी जाड असलेला थर चार पावलांवर पापडाएवढा पातळ असू शकतो. वरून ताजा बर्फ पडलेला असेल, तर फरक डोळ्यांना कळतही नाही. मध्यावरून जे दृश्य हवे आहे, ते पुलावरून मिळते आणि हंबरवर पुलांना तोटा नाही. ओल्ड मिलजवळचा तीन कमानींचा पूल आपण पाहिला असेलच. तो १९१६ सालचा आहे आणि त्याच्या आधीचा पूल वाहून आलेल्या बर्फाच्या तडाख्यानेच गेला होता. जी नदी बर्फाने पूल मोडते, तिच्यावर ट्रायपॉड लावण्याची घाई आपण करू नये.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण आपण जिथे चालता त्या जागेशी तिचा संबंध आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल नावाचे चक्रीवादळ टोरांटोवर आले. त्याने कॅनडात ८१ जणांचा बळी घेतला, त्यांपैकी ३५ जण हंबरच्या काठावरच्या एकाच रस्त्यावरचे रहिवासी होते. रेमोर ड्राइव्ह हे त्या रस्त्याचे नाव. त्यानंतर पूररेषेच्या आतली जमीन घरांसाठी न वापरता ती मोकळी ठेवण्याचे धोरण आले आणि काठाकाठाने उद्याने झाली. आपल्याला सलग चालता येते आणि चौकटीत इमारत न घेता नदी टिपता येते, ती त्या पुरानंतरच्या शहाणपणामुळे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचला तरी चालेल.

आता बर्फाच्या रंगाकडे वळू. कॅमेऱ्यातला मोजमाप करणारा भाग समोरचे जग मध्यम करड्या रंगाचे आहे, असे गृहीत धरून चालतो. चौकटीत तीन चतुर्थांश बर्फ असेल, तर त्याला वाटते उजेड फारच झाला आणि तो छायाचित्र काळवंडवतो; म्हणून पांढरा बर्फ राखाडी येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-अधिक करण्याची सोय, एक ते दीड स्टॉप वर न्यावे (एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट) आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीच्या जवळ गेला पण भिंतीला टेकला नाही, एवढे पाहावे. टेकला, तर बर्फावरची दाणेदार पोत कायमची गेली. ती नंतर संगणकावरही परत येत नाही. निळेपणाचे कारण वेगळे आहे. सावलीतल्या बर्फावर सूर्याचा नव्हे, तर निळ्या आकाशाचा उजेड पडलेला असतो, म्हणजे तो बर्फ खरोखरच निळा असतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंगांचा तोल ठरवणारी सोय) सावलीच्या खुणेवर नेला तर निळेपणा जातो, पण मग उन्हातला बर्फ पिवळा पडतो. मी तो सूर्यप्रकाशाच्या खुणेवर ठेवतो आणि सावल्या निळ्या राहू देतो. उन्हातला उबदार पांढरा आणि सावलीतला निळा शेजारी शेजारी असले, तरच पाहणाऱ्याला थंडी वाजते.

येथे मराठीची एक अडचणही मान्य करतो. आकाशातून भुरभुरत पडणारा तोही बर्फ आणि नदीवर काचेसारखा धरलेला तोही बर्फच. कॅमेऱ्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत. भुसभुशीत बर्फ उजेड सगळ्या दिशांना पसरवतो, म्हणून तो कोठूनही पांढराच दिसतो. काचेसारखा बर्फ आरशासारखा वागतो आणि बोरिवलीच्या वाचकांना जे सांगितले ते सगळे त्याला लागू पडते. आणि जेथे प्रवाह जोराचा असल्यामुळे पाणी गोठलेलेच नसते, तेथे हंबर चक्क काळी दिसते, कारण तिच्यात काठावरच्या निष्पर्ण झाडांची गर्दी उतरलेली असते. पांढऱ्या काठांमधून वळत गेलेली ही काळी पट्टी हाच आपला विषय आहे. पुलाच्या मधोमध उभे राहून ती सरळ रेषेत घेण्याऐवजी, वळण चौकटीच्या एका कोपऱ्यातून शिरून दुसऱ्या बाजूला नाहीसे होईल, अशी जागा पाहावी.

पहाटे उठण्याचे कष्ट आपल्याला घ्यावे लागत नाहीत, याचा मला हेवा वाटतो. २१ डिसेंबरच्या सुमारास मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ४७ अंश वर असतो. टोरांटोत तो त्याच दिवशी २३ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे दुपारी बारा-साडेबारालाही झाडाची सावली झाडाच्या सव्वादोन पटींहून लांब पडते आणि आपल्याकडे सकाळी जो तिरपा उजेड थोडा वेळ मिळतो, तो तिथे नऊ तासांच्या दिवसभर पुरतो. हंबर साधारणपणे उत्तरेकडून दक्षिणेकडे, ऑन्टॅरिओ सरोवराकडे वाहते आणि दुपारी सूर्यही दक्षिणेलाच असतो. त्यामुळे दुपारी पुलावरून दक्षिणेकडे पाहिले तर समोरून येणाऱ्या उन्हात बर्फाच्या कडा चमकतात आणि झाडे काळ्या आकृत्या होतात. वळून उत्तरेकडे पाहिले तर तीच नदी सपाट, सर्वत्र उजळलेली दिसते. दोन्ही काढून पाहावीत, पण ठेवायचे ते बहुधा पहिलेच ठरेल.

बॅटरीचे म्हणाल तर थंडीत तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते; ती संपलेली नसते, गारठलेली असते. दोन बॅटऱ्या न्याव्यात, एक कॅमेऱ्यात आणि दुसरी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी आणि पहिलीने मान टाकली की अदलाबदल करावी. खिशात ऊब मिळाल्यावर पहिली पुन्हा काही वेळ चालते. घाम फुटण्याचे कारण, गार कॅमेऱ्याला घरातली उबदार दमट हवा लागली की त्यावर पाणी धरते, जसे थंडगार पाण्याच्या तांब्याला बाहेरून धरते तसे. घरात शिरण्यापूर्वी, बाहेरच्या गार हवेतच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे आणि दोन तास पिशवी उघडू नये. पाणी मग पिशवीला धरते. धीर धरवत नसेल तर मेमरी कार्ड आधीच काढून घ्यावे. हिमाचलातल्या एका हिवाळी सहलीत मी ही काळजी घेतली नव्हती आणि त्यानंतरचे तीन दिवस लेन्सच्या आत साचलेल्या धुक्यातून सगळा डोंगर पाहिला, म्हणून एवढ्या विस्ताराने सांगितले.

प्रश्न : पुण्याहून लिहितो. नदीच्या छायाचित्रांसाठी पोलरायझर घ्यावा की एनडी फिल्टर? दोन्ही घेण्याइतके पैसे सध्या नाहीत.

उत्तर : हिवाळ्यासाठी पोलरायझर. एनडी फिल्टर उजेड अडवतो, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडे ठेवता येते आणि वाहते पाणी रेशमासारखे दिसते. पण त्यासाठी पाणी वाहायला हवे. डिसेंबरमधल्या डोहासमोर दहा सेकंद शटर उघडे ठेवले तरी डोह डोहच राहतो. (वाहत्या पाण्याचेही सरसकट दूध करण्याची जी हौस आली आहे, ती मला रुचत नाही. पाव सेकंद ते एक सेकंद एवढ्यात प्रवाहाच्या रेघा दिसतात आणि पाणी पाणीच राहते.) पोलरायझर फिरवला की पाण्यावरची चकाकी कमी-अधिक करता येते. पाण्याच्या पृष्ठभागाशी नजरेचा कोन साधारण ३७ अंशांचा असताना त्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो : वरचे आकाश पुसले जाते आणि तळाचे गोटे, शेवाळे, मासे दिसू लागतात. मात्र ज्या प्रतिबिंबाची पहिल्या उत्तरात एवढी स्तुती केली, तेही तो पुसतो. म्हणून फिल्टर लावला की पूर्ण फिरवून थांबू नये. सावकाश फिरवत, नको ते आकाश गेले आणि हवे ते झाड राहिले अशा जागी थांबावे. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, हे झाडांच्या सावलीत लक्षात ठेवावे लागते. आणि अतिरुंद लेन्सवर तो वापरू नये, आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाकीचे फिके, असा डाग पडतो.

प्रश्न : आम्ही नाशिकचे तिघे मित्र हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पहाटे जातो. पाण्यावरच्या धुक्याचे छायाचित्र हवे आहे. चार वेळा गेलो, दोनदाच धुके मिळाले आणि तेव्हाही कॅमेऱ्याने फोकस धरला नाही. धुके कधी पडणार, हे आदल्या दिवशी सांगता येते काय?

उत्तर : चारांत दोन हे प्रमाण वाईट नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे अभयारण्य आहे, उद्यान नव्हे; पण प्रश्न विषयातलाच आहे आणि निफाडच्या थंडीची कीर्ती पाहता हे पत्र येणारच होते. पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते. रात्र निरभ्र असेल तर जमिनीची ऊब वर निघून जाते, हवा झपाट्याने गार होते, पाणी मात्र आदल्या दिवसाची ऊब धरून असते. त्यातून निघालेली वाफ गार हवेत थिजते आणि आपल्याला पाण्यावर धुके रांगताना दिसते. म्हणून संध्याकाळी तीन गोष्टी पाहाव्यात : आकाशात ढग नकोत, वारा पडलेला हवा आणि दिवस उबदार असून रात्रीचे तापमान बरेच खाली जाण्याचा अंदाज हवा. झुळूक आली तर आशा सोडावी. सूर्य वर आला की धुके आधी दाटल्यासारखे दिसते आणि मग बघता बघता विरते. उत्तम छायाचित्रे त्या विरण्याच्या वेळेतच मिळतात, कारण तेव्हा झाडांचे थर एकामागून एक उलगडत जातात. सूर्य चौकटीच्या किंचित बाहेर ठेवून त्याच्या दिशेने पाहावे. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वर न्यावे, नाही तर टोरांटोच्या बर्फाचे झाले तेच धुक्याचे होईल.

फोकससाठी कॅमेऱ्याला काळ्या-पांढऱ्याची सीमा लागते आणि धुक्यात तीच नसते. पाण्यात उभे वाळके खोड, होडीची कड किंवा बाभळीची फांदी, असे काहीतरी गडद पकडून त्यावर फोकस करावा आणि मग तो हाताने कुलूपबंद करून चौकट जुळवावी. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत प्रत्येक वेळी पाणपक्ष्यांचा थवा उडालेला आहे. तो आपल्या पावलांनी उडाला असेल, तर पुढच्या वेळी अंधारातच जागेवर जाऊन बसावे. थंडीत सकाळी उडायला लावणे त्यांना महाग पडते.

प्रश्न : मी दहिसरला राहतो. उद्यानाच्या आत नदी इतकी नितळ आहे, की छायाचित्र काढावेसे वाटते. तीच नदी आमच्या वस्तीतून जाताना पाहवत नाही. उद्यानातही एखादी पिशवी किंवा बाटली अडकलेली असतेच. सोबत पाठवलेल्या छायाचित्रात उजवीकडे दगडाला निळी पिशवी अडकली आहे आणि तिच्यावर एक पक्षी बसला आहे. मोबाइलमधल्या सोयीने पिशवी पुसून टाकता येते. टाकावी काय? स्पर्धेला पाठवायचा विचार आहे.

उत्तर : छायाचित्र काढण्यापूर्वी पिशवी हातात घेऊन कचरापेटीत टाकणे केव्हाही योग्य, पाणी वाटेलगत असेल तर. दोन पावले सरकून ती चौकटीबाहेर ठेवणे, हेही योग्य; चौकट म्हणजे निवडच असते. काढल्यानंतर पुसणे हा मात्र वेगळा व्यवहार आहे. दिवाणखान्यात लावण्यासाठी पुसली, तर तो घरचा प्रश्न. स्पर्धेत, विशेषतः निसर्ग किंवा वार्ता या गटांत, अशी खाडाखोड बहुधा नियमबाह्य असते आणि मूळ फाइल मागितली जाते. नियम आधी वाचावेत.

आपल्याला त्याहून चांगला विषय हाताशी आहे, असे मला वाटते. तुळशीपासून मनोरीच्या खाडीपर्यंत ही नदी सुमारे १२ किलोमीटर वाहते, म्हणजे तिची सारी कहाणी एका दिवसात पायी चालण्याजोगी आहे. उद्यानाच्या कुंपणाबाहेर पडताच तिच्यात सांडपाणी आणि गोठ्यांतले शेण मिसळू लागते. उद्यानातला एक डोह आणि वस्तीतला एक पूल निवडून, महिन्यातून एकदा, एकाच सकाळी, त्याच लेन्सने आणि त्याच एक्स्पोजरने दोन्ही टिपावेत. दोन्हीकडे आकाश एकच असेल आणि पाण्यात उतरलेला उजेड मात्र वेगळा दिसेल. शेजारी शेजारी ठेवलेल्या अशा बारा जोड्या कोणत्याही स्पर्धेत उभ्या राहतील.

पाठवलेल्या छायाचित्रापुरते सांगायचे, तर पिशवीवर बसलेला पक्षी धोबी आहे. त्याचे कित्येक भाईबंद उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आपल्याकडे येतात आणि शेपटी वरखाली करत पाण्याच्या कडेने किडे टिपत फिरतात. या पाहुण्याला दगडांच्या गर्दीत बसायला कोरडी जागा ती एकच सापडली, हे आपण नेमके पकडले आहे. पिशवी राहू द्या. डावीकडचे पांढरे आकाश तेवढे कापा.